तोंड दाखवायला जागा

नळाचा वॉशर कसा बदलावा, हे मला ज्या गृहस्थांनी शिकवलं त्यांचं नाव मला ठाऊक नाही. डगमगत्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी घामेजलेलं कपाळ, काळे झालेले हात आणि ‘आत्ता तर इथेच होता’ असं पुटपुटत केलेली स्क्रूची शोधाशोध, सगळं उघड्यावर मांडलं होतं. टायची गाठही मी अशाच एका अनोळखी चेहऱ्याकडे बघत फुकटात शिकलो. अशी उधारी साचत गेली की माणसाने कधीतरी आपलंही तोंड दाखवावं, या मताचा मी आहे. दुसऱ्यांची फजिती बघून शहाणं व्हायचं आणि स्वतः पडद्याआड बसून ‘आवाज नीट येत नाही’ म्हणून शेरे मारायचे, हे काही बरं नव्हे.

शिवाय सुरुवातीलाच फार थोर काही सांगावं लागतं असंही नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. संस्थापकांपैकी एक जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून, यांची सोंड लांब असते, असं सांगतात आणि १९ सेकंदांत विषय संपतो. ही बातमी तेव्हाही कुणाला नवी नसावी. त्या मानाने फ्लशची टाकी का वाहते, हा माझा विषय बराच भारदस्त होता. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याला चीर पडते, आत पाणी शिरतं, गोळा जड होऊन बुडतो आणि पाणी बंद व्हायचं नाव घेत नाही. गोळा काढून कानाशी हलवला की आत पाणी डुचमळतं. एवढंच तर सांगायचं होतं.

सांगितलं आणि मग बघितलं. पडद्यावर एक नाक होतं, त्याच्या मागे मी होतो. फोन फूटभर अंतरावर असला तर पुरुषाचं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि पाच फुटांवर गेला की ते मूळ पदावर येतं, असा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. पण फोन पाच फुटांवर धरेल असा हात मला नाही. आवाजाची तर वेगळीच तऱ्हा. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडांतून येणारा तो खर्ज फक्त आपल्यापुरता असतो. त्या खर्जाच्या जोरावर मी आजवर घरात बरेच वाद जिंकल्याचं समजत होतो. बाकीच्यांच्या कानावर कायम हा किनरा सूरच पडत होता म्हणायचा!

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “यात वेगळं काय आहे? असेच तर दिसता तुम्ही.”

मग फिल्टर लावून पाहिला. गोळा तोंडाजवळ धरलेला असल्यामुळे फिल्टरला आमच्यात फरक करता आला नाही. माझ्या सुरकुत्या गेल्या, त्याबरोबर गोळ्यावरची चीरही गेली. ज्या चिरेसाठी हा सगळा खटाटोप, तीच नाहीशी. फिल्टर काढला.

एवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, मागे मी दिसतेय. मला विचारलंस?”

तोंड माझं असलं तरी घर सगळ्यांचं होतं. फळीवर पत्ता छापलेलं पाकीट दिसत होतं, शेजारच्यांचं भांडण बारीक आवाजात ऐकू येत होतं. आपण आपला व्हिडिओ काढून टाकू शकतो, पण कुणी उतरवून घेतलेली प्रत त्याच्या फोनमधून कशी काढणार? म्हणून मला वाटतं, बेधडक चव्हाट्यावर मांडावा असा चेहरा एकच, आपला स्वतःचा. तान्ह्या बाळांच्या आंघोळीचे व्हिडिओ टाकणाऱ्या आईबापांनी आधी स्वतःच्या आंघोळीचा टाकून पाहावा. नको वाटलं, तर बाळालाही नको वाटत असेल. त्याला अजून बोलता येत नाही, एवढंच.

मुलीला वगळलं, पाकीट हलवलं, भांडण संपेपर्यंत थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. आता मधेच आई. “अरे, कुणाशी बोलतोयस? आणि तो गोळा आधी पूस!” तत्त्वाला धरून मी तिची परवानगी मागितली.

“आवाज राहू दे,” ती म्हणाली, “पण मी दिसणार असेन तर थांब, केस नीट करून येते.”

व्हिडिओ टाकला. पहिला शेरा आला, ‘काका, तोंड बाजूला घ्या, चीर दिसत नाहीये.’ आईने मात्र तो सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलाय. खाली लिहिलंय, ‘मागून बोलते ती मी.’