प्रसूतिकक्षाचा हिशेब कोण मागणार?

विधानसभेतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती 2023 मध्ये संमत झाल्यापासून गोव्यात एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. चाळीस जणांच्या सभागृहात तेरा-चौदा महिला बसल्या की बाळंतपणासारखे दुय्यम ठरवलेले विषय आपोआप पुढे येतील, असे एका बाजूचे म्हणणे आहे. तर 2022 मध्ये निवडून आलेल्या तिन्ही महिलांचे पतीही त्याच सभागृहात निवडून आले, मग आरक्षणाने काय साधणार, असा दुसऱ्या बाजूचा टोमणा असतो. गोमंतकीयांनी गजबजलेल्या इंग्लंडमधील स्विंडन शहरातून हा वाद वाचताना मला वाटते की, खुर्चीवरच्या बाईची चर्चा खूप होते आणि हिशेब मागणाऱ्या बाईची जवळजवळ होतच नाही.

इंग्लंडमध्ये माता-मृत्यूंची गोपनीय चौकशी 1952 पासून चालत आली आहे. तिच्या 2014 ते 2016 या काळातील आकड्यांनुसार कृष्णवर्णीय स्त्रीला गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर मृत्यू येण्याचा धोका गोऱ्या स्त्रीच्या पाचपट होता, आणि आशियाई स्त्रियांचा धोकाही गोऱ्यांपेक्षा जास्त होता. टिनुके आवे आणि क्लोटिल्ड आबे या दोन मातांनी 2019 मध्ये 'फाइव्ह एक्स मोर' ही मोहीम उभारली ती याच आकड्याच्या आधारावर. त्यांच्या अर्जावर पावणेदोन लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि एप्रिल 2021 मध्ये संसदेला त्यावर चर्चा घ्यावी लागली. पुढे 2023 मध्ये संसदीय समितीने ही तफावत मिटवण्यासाठी निश्चित लक्ष्य ठरवा असे सुचवले, तेव्हा सरकारने नकार दिला. आणि महिला-आरोग्याचे खाते त्या वेळी एका महिलेकडेच होते. खुर्चीवर बाई असणे पुरेसे नसते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

इंग्लंडमधल्याच श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांचे प्रकरण तर गोव्याने मुद्दाम वाचावे असे आहे. मुले गमावलेल्या कुटुंबांनी चिकाटी सोडली नाही म्हणून तिथे स्वतंत्र चौकशी बसली, आणि स्वतः मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, असलेल्या डोना ऑकेंडन यांनी 2022 मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की, योग्य सेवा मिळाली असती तर 201 बालके वाचली असती किंवा वाचू शकली असती. त्या रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण कमी असल्याचा अभिमान बाळगला जात होता, आणि त्यापायी गरज असतानाही शस्त्रक्रिया लांबवली गेल्याची उदाहरणे पुढे आली.

आपल्याकडे काटा नेमका उलट बाजूला झुकला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार गोव्यातील जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयात होतात, ही साधी कमाई नव्हे. पण त्याच सर्वेक्षणात सिझेरियनचे प्रमाण सुमारे 39 टक्के आहे आणि देशाची सरासरी 21.5 टक्के. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के आढळले. एवढ्यावरून सगळे डॉक्टर पैशासाठी पोट कापतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. तालुक्यातून 'बांबोळीला न्या' म्हणून धाडलेल्या गुंतागुंतीच्या केसेस गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, येतात, तेव्हा तिथला आकडा फुगणे स्वाभाविक आहे. मात्र कोणत्या रुग्णालयात, कोणत्या कारणाने आणि बाईला काय सांगून शस्त्रक्रिया झाली, हे मडगावच्या किंवा म्हापशाच्या गरोदर बाईला आधी पाहता येईल अशी सोय हवी. आमच्याकडे बाळंतिणीला भेटायला गेलेल्या मावश्या 'सिझर झाले' एवढेच सांगतात आणि विषय बाळाच्या रंगावर येतो.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. 2018 पासून गोमेकॉत परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेतले जाऊ लागले तेव्हा 'आमच्या खाटा भायल्यांनी (बाहेरच्यांनी) अडवल्या' हा सूर मोठा होता. इथे इंग्लंडमध्ये भायले आम्ही आहोत. ज्या परदेशी बाईची कागदपत्रे नियमात बसत नाहीत, तिच्या हाती सरकारी सेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल पडते. मात्र पैसे नाहीत म्हणून तिची प्रसूती नाकारता किंवा लांबवता येत नाही. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, कारण बिलाच्या धास्तीने बाई तपासणीलाच उशिरा येते. पण स्विंडनमध्ये या बिलावर चिडणाऱ्या गोमंतकीयाने वेर्णा किंवा पर्वरीच्या बांधकामांवर राबणाऱ्या कर्नाटक-बिहारच्या गरोदर बाईचाही विचार करायला हवा. ती किती आठवड्यांनी पहिल्या तपासणीला येते, हे वेगळे मोजले तरच तिच्या बाजूने कोणाला बोलता येईल.

गोव्याला 1973 मध्येच शशिकला काकोडकरांच्या रूपाने महिला मुख्यमंत्री मिळाली होती, तेव्हा बाई राज्य चालवू शकते का, हा प्रश्न गोव्यात कधीच निकाली निघाला आहे. येत्या निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला, मग ती बाई असो वा पुरुष, इतकेच विचारावे की, खासगी रुग्णालयांसह प्रत्येक प्रसूतिगृहाचे सिझेरियनचे प्रमाण दरवर्षी जाहीर करण्याची सक्ती तुम्ही कराल का, आणि माता दगावली तर त्या चौकशीत तिच्या घरच्यांना बोलावाल का.