मेंढ्याची शिंगं

ढोपर अजून ठणकतंय, म्हणून बसल्या जागी लिहितोय.

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर, खाणीकडच्या मुरमाच्या उतारावर, मी ग्रॅव्हल बाइकवरून पडलो. ग्रॅव्हल बाइक म्हणजे मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि जाडसर टायर. पडण्याचं एवढं काही नाही. पण पुण्यात सकाळी सात वाजता टेकडीवर पडलं आणि कोणी पाहिलं नाही, असं होत नाही.

माकडटोपीतले एक काका काठी टेकत आले. त्यांनी उचललं. सायकलला.

"हँडल उलटं बसवलंय."

"नाही काका, असंच असतं."

"माझ्याकडे होती ना असली रेसर. पहिल्याच दिवशी पाना लावून हँडल वर फिरवलं. बारा वर्षं चालवली, एकदा पडलो नाही."

मी रक्त पुसत समजावलं, की सपाटीला वरून धरायचं, उतारावर खालच्या वळणात धरायचं. तिथून ब्रेकवर बोटांचा जोर नीट पडतो.

"मग धरलं का नाहीत?"

आता यांना काय सांगणार, की मध्ये पोट येतं?

"आधीच उतार, त्यात आणखी वाकायचं," काका स्वतःशीच म्हणाले. तोवर आणखी दोन टोप्या जमल्या होत्या. मी शेवटचा हुकमाचा एक्का टाकला. "1990 साली अमेरिकेत जॉन टोमॅक असल्याच हँडलवर माउंटन बाइकच्या शर्यती मारायचा!"

"असं? मग आता सगळे हेच वापरत असतील."

"...नाही."

"हं," तिन्ही टोप्या म्हणाल्या.

"कितीला पडली?" मी घरी सांगितलेला आकडा सांगितला. तरीही एका टोपीने कपाळाला हात लावला. ढोपराचं मात्र कोणी विचारलं नाही.

खरं तर चूक माझी एकट्याची नाही. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "सर, एकाच सायकलीत रोड पण, ट्रेल पण." हँडल 44 सेंटिमीटरचं. मित्राच्या माउंटन बाइकचं 76. चाक मुरमात तिरकं झालं की तो दोन्ही हात फैलावून त्याला वठणीवर आणतो, मी हात जोडल्यासारखा धरून बसतो. आणि रोड तरी कुठला? टेकडीच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता सहा महिन्यांत तिसऱ्यांदा खोदलाय. तिथे ही सायकल झकास चालते, हे कबूल करायला हवं. ट्रेल तोच, टेकडी उगाच चढलो.

काल रात्री सगळे झोपल्यावर अ‍ॅलन की काढली आणि हँडल वर फिरवून पाहिलं. नुसतं बघायला.

ब्रेकच्या वायरी पुरल्या नाहीत.