खार्किवच्या मुलींचा क्लब, युद्धाच्या आधीचा

युक्रेनमधल्या कुठल्याही क्लबविषयी वाचायला घ्या, सुरुवात रशियाने हल्ला केला त्या २४ फेब्रुवारी २०२२ पासूनच होते. सायरन, तळघरं, पळापळ. ते सगळं खरं आहे आणि लिहिलं जायलाच हवं. पण झित्लोबुद-१ खार्किव या महिला फुटबॉल क्लबची गोष्ट तिथून सुरू केली की त्या पोरींनी त्याआधी मैदानावर जे कमावलं ते तळटीपेत जातं. म्हणून आज आधी फुटबॉल.

खार्किव हे युक्रेनचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. झित्लोबुद-१ ही तिथली इमारती बांधणारी कंपनी, क्लब तिच्याच नावाचा. तिकडे ही जुनी रीत आहे. चेर्निहिव शहरात १९८७ मध्ये सुरू झालेला लेगेंदा हा क्लबही बराच काळ तिथल्या कापड कारखान्याचं नाव आपल्या नावापुढे लावून खेळला. सोव्हिएत काळात, १९७० च्या दशकात, क्रीडा खात्याने बायकांच्या शरीराला अपाय होतो असं कारण देऊन महिला फुटबॉल बंद पाडलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कुठे ते पुन्हा उभं राहिलं आणि १९९२ पासून स्वतंत्र युक्रेनची लीग सुरू झाली. पण तिकीटविक्रीवर यातला एकही संघ जगणार नव्हता. कंपनी पाठीशी आहे तोवर संघ आहे, असा मामला. आपल्याला हे नवीन नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला.

झित्लोबुद-१ ने या नावाने २००६ मध्ये लीग जिंकली, मग २००८ मध्ये. २०११ ते २०१५ अशी तर लागोपाठ पाच वर्षं. नंतर त्यांची मक्तेदारी मोडली ती त्याच शहरातल्या झित्लोबुद-२ ने. २०११ पासून २०२१ पर्यंत युक्रेनच्या महिला लीगचं एकही विजेतेपद खार्किवबाहेर गेलं नाही! शाख्तार आणि दिनामो या युक्रेनच्या बड्या क्लबांच्या पुरुष संघांवर जगभर रकानेच्या रकाने लिहिले जात होते, त्याच दशकात एका शहरातले दोन महिला संघ अख्खा देश गाजवत होते, आणि त्याची बातमी आपल्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही.

२०२१ मध्ये मात्र पोहोचली. त्या मोसमात युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये पहिल्यांदाच सोळा संघांची गटसाखळी खेळवली गेली आणि सामने यूट्यूबवर फुकट दिसू लागले. पुण्यात बसून मी ते बघितले. पात्रता फेरीत झित्लोबुद-१ ने सायप्रसच्या अपोलोनला बाहेर काढलं. (याच अपोलोनकडून पुढच्या वर्षी आपली मनीषा कल्याण या स्पर्धेत उतरली. महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी ती पहिली भारतीय.) गटात पॅरिस सेंट जर्मेन, रेआल माद्रिद आणि आइसलंडचा ब्रेदाब्लिक.

६ ऑक्टोबरला रेआल खार्किवला आला आणि १-० ने जिंकून गेला. नुसता आकडा पाहून हे विसरायला होतं की रेआलचा महिला संघ तेव्हा अगदी नवा होता. तेसुद्धा २०२० मध्ये ताकोन नावाचा आधीच असलेला महिला क्लब आपल्यात सामावून घेऊन झालेला. पॅरिसने दोन्ही सामन्यांत अक्षरशः धुतलं, ५-० आणि ६-०. ब्रेदाब्लिकशी घरच्या मैदानावर ०-० अशी बरोबरी झाली. आणि १८ नोव्हेंबरला आइसलंडमध्ये जाऊन झित्लोबुद-१ ने २-० असा विजय मिळवला. सहा सामन्यांत त्यांचे गोल दोनच, दोन्ही त्या एका रात्रीतले. चार गुण, गटात तिसरं स्थान. युरोपच्या पहिल्या सोळांत बसून एक सामना जिंकणं आणि एक बरोबरीत सोडवणं ही लहान गोष्ट नाही. त्या गटसाखळीत पोहोचलेल्या प्रत्येक महिला क्लबला किमान चार लाख युरो मिळणार होते. त्याच मोसमात पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटात नुसतं पोहोचण्याचे १ कोटी ५६ लाख युरो होते. दोन्ही स्पर्धा युएफाच्याच, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्याच. या तफावतीचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

त्यांचा शेवटचा सामना १६ डिसेंबरला, माद्रिदविरुद्ध. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत रशियन तोफा खार्किववर आग ओकत होत्या. लीगचा मोसम अर्धवट सोडून द्यावा लागला, खेळाडू देशोदेशी पांगल्या. चेर्निहिवच्या स्टेडियमवर बॉम्ब पडले. झित्लोबुद-२ चा संघ पोल्टावा शहरातल्या वोर्स्कला या पुरुषांच्या क्लबमध्ये गेला, झित्लोबुद-१ चा खार्किवच्याच मेटालिस्ट १९२५ या पुरुषांच्या क्लबच्या नावाखाली. वोर्स्कलाच्या मुलींनी २०२३ आणि २०२४ मध्ये लीग जिंकली, युरोपात इटलीच्या रोमा आणि स्कॉटलंडच्या सेल्टिकशी झुंज दिली. लीग सायरन वाजला की थांबत, तो शमला की पुन्हा सुरू होत, पण चालू राहिली. याबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. महिला संघ पुरुषांच्या क्लबात विलीन झाला की नव्या नावाखाली क्लबचा इतिहास सांगितला जातो तो पुरुष संघाचा. ताकोनबद्दल आज कोण बोलतं? युद्धाच्या काळात संघ जगवण्यासाठी मोठ्या क्लबचा आधार घेणं मला पूर्ण मान्य आहे, दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण २००६ पासूनची ती विजेतेपदं, ते चार गुण, आइसलंडमधले ते दोन गोल, हे सगळं त्या संघाच्या खात्यावर त्याच्या स्वतःच्या नावाने राहिलं पाहिजे. क्लबच्या संग्रहालयात, महासंघाच्या नोंदींत, आणि सामन्याआधी समालोचक इतिहास सांगतो तेव्हाही.

युक्रेनचे क्लब अजून युरोपातले 'घरचे' सामने देशाबाहेर खेळतात. ज्या दिवशी खार्किवमध्ये पुन्हा महिला चॅम्पियन्स लीगचा सामना होईल, त्या दिवशी तिथे पहिल्यांदाच होतोय असं कुणी म्हणू नये. रेआल माद्रिद, ब्रेदाब्लिक आणि पॅरिस, तिघेही तिथे येऊन खेळून गेलेत.