‘भूक लागली की माणूस मागतोच’ या प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या जेवणावरच्या माझ्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया परवापासून चार वेळा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सवलतीचं जेवण आहे, अर्जाची सोय आहे, ‘भूक लागली की माणूस मागतोच, जो मागत नाही त्याला गरज नसते’, आणि लेखात मुद्दा कमी, रडगाणं जास्त.

एक चूक आधी मान्य करते. ‘सगळ्या मेस रात्री आठला बंद होतात’ असं मी सरसकट लिहिलं होतं. काही उशिरापर्यंत चालू असतात. वाक्य दुरुस्त केलंय.

पण ‘रडगाणं’? मतभेद असू देत, ते मी नेहमीच छापते. उपाशीपोटी तासाला बसणाऱ्या मुलांबद्दल लिहिलेल्या मजकुराला रडगाणं म्हणायचं आणि शेवटी ‘राग नसावा’ अशी पुस्ती जोडायची, ही कुठली रीत? राग आलाय. समोरासमोर बसून हेच बोलला असता का तुम्ही?

आता ‘भूक लागली की माणूस मागतोच’ हे तुमचं वाक्य. मी स्वतः पहिल्या वर्षी सवलतीच्या यादीत होते. अर्ज देताना खिडकीतून मोठ्याने प्रश्न आला, ‘घरात कमावणारं कोणीच नाही का?’ माझ्या मागे रांगेत माझ्याच वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. मग कूपन मिळालं. बाकीच्यांचं पांढरं, आमचं हिरवं. काउंटरवरचा माणूस ते उजेडाकडे धरून शिक्का तपासायचा आणि वेगळ्या डब्यात टाकायचा. कोणाला दिसू नये म्हणून मी ते घडी घालून मुठीत धरायचे. घामाने शिक्का पुसट व्हायचा, की तो आणखी वेळ निरखत बसायचा आणि मागची रांग माझ्याकडे बघायची.

दुसऱ्या सत्रात मी अर्ज भरलाच नाही. तुमच्या हिशेबाने माझी गरज संपली! प्रत्यक्षात मी दिवसातून एकदाच जेवत होते आणि संध्याकाळच्या प्रॅक्टिकलला पिपेट धरलेला हात थरथरायचा. मॅडमना वाटायचं, मी घाबरते.

१९९६ च्या रोमच्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात अन्न असण्याबरोबर ते प्रत्येकाच्या आवाक्यात असणंही धरलंय. खिडकीपाशी लाज मोजून घ्यावी लागते ते जेवण आवाक्यात कसलं? फिनलंडमध्ये उच्चशिक्षण घेणाऱ्यांच्या जेवणाला सरकारी अनुदान आहे. तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, विद्यार्थी असल्याचं कार्ड दाखवलं की झालं. गरजू कोण हे रांगेत कळतच नाही. मी लेखात एवढंच मागितलं होतं, सगळ्यांना एकच कार्ड. तो परिच्छेद तुम्ही वाचलात का, अशी मला शंका आहे.

‘विद्यापीठापर्यंत पोचलेला उपाशी कसा राहील?’ असंही तुम्ही विचारलंय. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी १९९१ पासून फूड बँक, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारी सोय, चालते, यावरून काय ते समजा. मेसचा खर्च आणि अन्नाची नासाडी हेही तुम्ही काढलंत, पण तो लेखाचा विषयच नव्हता.

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा. फक्त त्याआधी तुमच्या ओळखीच्या मेसमध्ये जाऊन एवढं विचारून या, की पहिल्या सत्रात सवलत घेतलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या सत्रात अर्जच केला नाही, आणि का.