खुंटीवरचं लाईफ जॅकेट

गणपतीला मालवणला गेलो होतो. मामाच्या पडवीत खुंटीवर दोन लाईफ जॅकेटं लटकलेली. कधीकाळी नारिंगी असावीत, आता पार विटलेली. विचारलं, ही चालतात का?

"नवीच आसत रे. कधी वापरूकच नाय!"

तिथेच तर घोळ आहे. ही वस्तू वापरून जेवढी झिजत नाही तेवढी उन्हात लटकून झिजते. ऊन कापड खातं, शिलाईचा दोरा खातं. रंग उडाला की ताकदीबद्दल शंका घ्यायचीच. मी एकाचा पट्टा दोन्ही हातांनी खेचला, शिवण फर्रकन उसवली. मग फोम दाबला. चांगला फोम बोट काढलं की लगेच वर येतो. इथे माझ्या अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. 'न वापरलेलं' जॅकेट होडीत फळीवर बसायला उशी म्हणून घ्यायचे, हे मामीने हळूच सांगितलं.

दुसरं बरं वाटलं. ते घालून विहिरीत उतरलो, मामा काठावर दोर घेऊन उभा. अंग सैल सोडून मान मागे टाकली, तर जॅकेट सरकून थेट कानापर्यंत! पट्टे आवळले, पुन्हा सोडलं. आता हनुवटी पाण्याच्या वर.

आतल्या लेबलावर ५० न्यूटन लिहिलंय. म्हणजे साधारण पाच किलोची उचल. मोठ्या माणसाला तरंगायला तीन ते पाच किलोचाच आधार लागतो, त्यामुळे पोहता येणाऱ्याला किनाऱ्याजवळ ते चालतं. पण शुद्ध हरपलेल्याचं तोंड ते वर फिरवेलच असं नाही. खाडीच्या बाहेर जायचं तर १५० न्यूटनचं घे, असं मामाला बजावलंय.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. त्यानंतर गेटवेला जॅकेटची सक्ती झाली, हे चांगलंच झालं. पण पुढे एका बोटीवर माझ्या हातात आलेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, जागी सुतळी. बदलून मागितलं तर शेजारचे काका म्हणाले, "अहो, तासाभराचा तर प्रवास!" मी मागितलंच. तुम्हीही मागा, लाज कसली?

उसवलेलं जॅकेट मामाने कोयत्याने कापलं, कुणी चुकून घालू नये म्हणून. मामीने फोमचे तुकडे तेवढे ठेवून घेतले. बसायला बरे.