'गुलदार' बुडवा, पण जाळ्यांचं काय?

काल मालवणच्या आमच्या कट्ट्यावर पुन्हा 'गुलदार'चा विषय निघाला. पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौदलाची बोट, लांबी सुमारे ८४ मीटर. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. निवती रॉकजवळ बुडवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळ आणि स्कूबा, अशी योजना.

मंग्या तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो, त्यामुळे खुशीत. "वाळूच्या तळाला मासळीला आडोसा नसतो. लोखंड मिळालं की शेवाळ, कालवं धरतात, मग बारकी मासळी आणि तिच्यामागे गोबरा, तांबोशी."

"येतली खंयसून?" बाळाची स्वतःची होडी आहे. "आमच्या जाळ्यातलीच थंय जाऊन बसतली. आणि थंय जाळा टाकूक बंदी!"

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बुडालेल्या जहाजापाशी मासळी वाढते की आजूबाजूची नुसती गोळा होते, यावर शास्त्रज्ञही वर्षानुवर्षं भांडताहेत.

कट्ट्यावरच्या सरांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं उदाहरण काढलं. 'स्पीगल ग्रोव्ह' ही तशीच फौज उतरवणारी बोट. २००२ मध्ये 'की लार्गो' बेटाजवळ ठरल्या वेळेआधीच बुडायला लागली आणि उलटी होऊन नाक वर काढून बसली. कशीबशी तळाला नेली, ती कुशीवर. २००५ मध्ये 'डेनिस' वादळाने तिला सरळ उभी केली.

"सरकाराक जमूक नाय ता वादळान केल्यान!" बाळा म्हणाला.

त्याच फ्लोरिडात १९७०च्या दशकात मासळीसाठी म्हणून लाखो टायर समुद्रात टाकले होते. बांधणी सुटली, आणि टायर खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. मंग्या वैतागला, "टायर आणि बोट एक का? तेल, रंग, केबल काढूनच बुडवतात." सर म्हणाले, अमेरिकेची 'ओरिस्कनी' विमानवाहू नौका २००६ मध्ये साफ करूनच बुडवली, तरी केबलच्या आवरणातलं विषारी पीसीबी आत राहिलंच.

माझी शंका वेगळी. 'गुलदार' बुडवायची तिथे तळ साधारण २२ मीटरवर म्हणतात. पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याला १२ मीटरखाली नेत नाहीत, साधा परवाना १८ पर्यंतचा. म्हणजे सुट्टीत येणाऱ्या बहुतेकांना बोटीचा फक्त वरचा भाग दिसणार, आत शिरणं लांबच. मंग्याला तेवढंही पुरेसं वाटतं. मला वाटत नाही, निदान मच्छीमारांची जागा जात असेल तर.

"बंदीच्या हद्दीचे बोये खंय लावतले ता आधी सांग," बाळा अडून बसला. शेवटी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला यायचं मंग्याने कबूल केलं.

"येताना नकाशो घेऊन ये," बाळा म्हणाला. "फोटो नको."