आत्म्याचं वजन आणि जडवाद

वाद पेटला तो नानांच्या वाक्यावरून. "माणसं फार भौतिकवादी झालीत. घर, गाडी, मोबाइल, यापलीकडे कुणाला काही दिसत नाही."

वकिलाने तिथेच अडवलं. "नाना, तुम्ही सांगताय तो चंगळवाद. भौतिकवाद किंवा जडवाद म्हणजे जगात मुळात काय आहे, याबद्दलचा दावा. जे आहे ते सगळं जड द्रव्य आणि त्याच्याच घडामोडी, मनसुद्धा त्यातलंच. हे मानणारा माणूस दोन सदऱ्यांवर वर्ष काढू शकतो."

"मग कर्ज काढून तूप प्या, हे काय देवभक्तांनी सांगितलं? चार्वाकच ना ते?" नाना म्हणाले.

इथे मास्तर बोलले. संस्कृत शिकवतात, त्यामुळे या श्लोकावर त्यांचं खास लक्ष. "चार्वाक म्हणजे आपल्याकडचे जुने जडवादी. त्यांचा मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यांची मतं कळतात ती बरीचशी विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांतून. चौदाव्या शतकातला सर्वदर्शनसंग्रह घ्या, वेगवेगळ्या दर्शनांची मतं मांडणारा ग्रंथ. पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे आणि त्या एकाच प्रकरणात हा श्लोक दोनदा येतो, दोन वेगळ्या पाठांनी. सुरुवातीला 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः', म्हणजे जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. शेवटी त्याच जागी 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्'. नवव्या शतकात न्यायदर्शनाचा पंडित जयंतभट्ट आपल्या न्यायमंजरी ग्रंथात देतो तो पाठ पहिला आहे, त्यात ना कर्ज ना तूप. लोकांच्या तोंडी मात्र तूपच राहिलं, आणि एका अख्ख्या दर्शनाची ओळख उधळेपणा अशी झाली. हा अन्याय आहे."

"पण सुखाने जगा, हे तर आहेच," नाना म्हणाले. मुद्दा रास्त होता.

"सुख म्हणजे काय ते विचारा," वकील म्हणाला. "ग्रीसमधला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्युरस पक्का अणुवादी, म्हणजे सगळं अणूंचंच बनलंय असं मानणारा. मेल्यावर काही उरत नाही आणि सुख हेच ध्येय, असं उघड शिकवणारा. त्याचा रोजचा आहार भाकरी आणि पाणी. एका मित्राकडे त्याने चीजचं छोटं भांडं मागितलं होतं, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून. आता दुसरी बाजू. माणूस वस्तूंच्या किती मागे आहे हे मोजायला रिचिन्स आणि डॉसन या संशोधकांनी १९९२ मध्ये १८ विधानांची प्रश्नावली केली. सहा विधानं यशाची खूण म्हणून वस्तूंकडे बघण्याबद्दल, सात वस्तू आयुष्याच्या केंद्रस्थानी असण्याबद्दल, पाच वस्तूंनी सुख मिळतं या समजुतीबद्दल. देव, आत्मा, परलोक यांबद्दल एकही नाही. रोज पूजा करणाऱ्याचे गुण त्यात वर जाऊ शकतात आणि कट्टर नास्तिकाचे तळाला राहू शकतात."

मास्तरांनी तिसरा अर्थही जोडला, मार्क्सचा ऐतिहासिक भौतिकवाद: समाज काय पिकवतो, कशाने पिकवतो आणि त्यावर मालकी कुणाची, यावरून इतिहास समजून घ्यायचा. गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी ती दृष्टी भारताच्या इतिहासाला लावली. मूळचे गणिती असल्यामुळे तक्षशिलेची जुनी नाणी त्यांनी वजन करून अभ्यासली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून एका साठ्यातली नाणी किती हलकी झाली यावरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो.

"वस्तूचं वजन होतं, आत्म्याचं कसं करणार?" नानांनी विचारलं.

"केलंय की," मास्तर म्हणाले. "दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या पायासि सुत्तात पायासि राजा देहदंडाच्या चोराला आधी जिवंत तोलायला लावतो, मग गळा आवळून मारून पुन्हा. प्रेत जास्त जड भरतं, असं तो सांगतो. जीव गेला तर वजन घटायला हवं होतं, म्हणजे जीव नाहीच! बौद्ध भिक्षू कुमार कस्सप उत्तर देतो की तापलेला लोखंडी गोळाही हलका आणि मऊ असतो, थंड झाला की जड; देहाचंही तसंच."

डॉक्टरने मान हलवली. "दोघांचंही निरीक्षण चुकलंय. गोळा तापवून तराजूला कळेल इतका फरक पडत नाही. पण १९०७ मध्ये अमेरिकेत डंकन मॅकडूगलने हाच प्रयोग छापला. मरणासन्न सहा रुग्ण, खाटेसकट काट्यावर. काटा सुमारे साडेपाच ग्रॅमइतका लहान फरकही दाखवणारा. पहिल्या रुग्णात एकदम २१ ग्रॅम घटले. दोघांची मापं त्याने स्वतःच बाद केली, उरलेल्यांत आकडे जुळेनात. मृत्यूचा नेमका क्षण ठरवता येत नाही, घाम आणि श्वासातून पाणी जातच असतं, त्यात रुग्ण इतके थोडे. जगभर फिरतो तो २१चा आकडा एका माणसाचा आहे."

"आणि आकडा खरा निघाला असता तरी?" वकील म्हणाला. "ज्याला वजन आहे ते द्रव्यच. आत्मा काट्यावर ठेवणाऱ्याने जडवाद आधीच मान्य केलेला असतो. आत्मा अ-जड मानायचा तर दुसरी अडचण येते. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये आत्मा आणि शरीर वेगळे मानणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्रातून नेमकं हेच विचारलं: ज्याला आकार नाही, स्पर्श नाही, तो आत्मा शरीर हलवतो कसा? त्याला समाधानकारक उत्तर देता आलं नाही."

डॉक्टर भूलतज्ज्ञ आहे. "माझ्यापुरता पुरावा रोज टेबलावर असतो. निरोगी प्रौढाला प्रोपोफॉल हे भुलीचं औषध किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ते १५०. म्हाताऱ्याला कमी, नाहीतर रक्तदाब कोसळतो. साधारण अर्ध्या मिनिटात जाणीव जाते. चार्वाक म्हणायचे, किण्वापासून, म्हणजे आंबवणाऱ्या द्रव्यापासून, मद्याची शक्ती येते तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या चार भूतांच्या मेळातून चैतन्य येतं. रसायनाने ते जातं आणि परतही येतं, हे मी बघते."

"अगं, त्याने आत्मा नाही असं कुठे ठरलं? अवयवाने साथ सोडली, इतकंच," नाना म्हणाले.

"ठरत नाही, हे मान्य," डॉक्टर म्हणाली. "आणि आमची खरी अडचण याहून खोल आहे. मेंदूच्या लहरींवरून मॉनिटर शून्य ते शंभर असा आकडा देतो. भुलीसाठी तो ४० ते ६०मध्ये ठेवायचा. पण आतून त्या माणसाला काही जाणवतंय का, हे त्या आकड्यात नसतं. ते तपासायची एक पद्धत आहे. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हातावर पट्टा फुगवायचा, दाब वरच्या रक्तदाबाहून जास्त, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग कानाशी सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात २६० रुग्णांपैकी १२ जणांनी श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर हात दाबला. उठल्यावर त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं."

"मग त्या बारा जणांना दुखलं का?" नानांनी विचारलं.

"काहींनी दुखतंय असंही हात दाबूनच सांगितलं. यंत्राला ते विचारता येत नाही, माणसालाच विचारावं लागतं."